खाऱ्या पाण्यातलं अंडं

आजीने संग्रहालयाच्या दारातच हातमोजे काढले. ते घ्यायला आईने हात पुढे केला होता, पण आजीने त्या हाताला वळसा घालून हातमोजे मागे उभ्या असलेल्या नातीकडे, बोरामकडे दिले. आईचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्याच हाताने तिने काचेचं दार ढकललं आणि आजी आत जाईपर्यंत धरून ठेवलं.

बोरामने हे पाहिलं. गेल्या सहामाहीत वादविवादात पहिली आल्यापासून तिला फार दिसायला लागलं होतं, आणि दिसलेलं बोलून टाकल्याशिवाय तिला चैन पडत नसे. वर्गात, बसमध्ये, दाताच्या दवाखान्यात, कुठेही. आज मात्र आईने गाडीतच बजावलं होतं की तिथे तोंड उघडायचं नाही. बोरामने मान डोलावली होती. मान डोलावणं म्हणजे कबूल करणं नव्हे, हेही ती वादविवादातच शिकली होती.

संग्रहालयाचे अधिकारी प्यो कमरेत वाकून सामोरे आले. चाळिशीचा, टापटीप, बोलघेवडा माणूस. त्यांनी तिघींना कार्यालयात बसवलं, जवाचा गरम चहा ठेवला आणि टेबलावर एक कागद सरळ करून ठेवला. खाली सहीची जागा रिकामी होती. सही तीन वाजता करायची होती, कारण तीनला फोटो काढणारा येणार होता.

कागद एक रांजण संग्रहालयाला देण्याचा होता. घरामागच्या ओट्यावर सतरा रांजण होते आणि हा त्यांतला सगळ्यात बुटका. त्यात घराण्याचं जुनं जांग होतं, सोयाबीनच्या ढेपा मिठाच्या पाण्यात मुरवून काढलेलं, आजीच्या आजेसासूच्याही आधीपासूनचं, काकवीसारखं दाट आणि काळं. दरवर्षी नवं जांग तयार झालं की त्यातलं थोडं ह्यात घालायचं. विरजणासारखं ते चालत आलेलं होतं.

आता आजी ब्याऐंशीची झाली होती आणि गुडघे तिला ओट्याच्या पायऱ्या चढू देत नव्हते. नववर्षाच्या जेवणावर ती सगळ्यांसमोर म्हणाली होती की माझ्यामागे झाकण उघडेल असा हात ह्या घरात नाही. सगळ्यांसमोर म्हणजे आईसमोर. बाबा वाटीतल्या रश्शात बघत राहिले. दुसऱ्या दिवशी आजीने स्वतः संग्रहालयाला फोन लावला. आज सही झाली की सोमवारी रांजण न्यायला गाडी येणार होती, आणि बाकीचे सोळा नात्यात वाटून टाकायचे होते.

आई गेली एकोणीस वर्षं रोज सकाळी ते सतराही रांजण बाहेरून ओल्या फडक्याने पुसत होती. झाकणाला मात्र तिने कधी हात लावला नव्हता. एकदा झाकणं उघडी ठेवून आजी दवाखान्यात गेली आणि अवचित सर आली, तेव्हा आईने सगळ्या ओट्यावर प्लास्टिक अंथरलं होतं आणि ते वाऱ्याने उडू नये म्हणून स्वतः त्याच्या कडेवर बसून भिजली होती. झाकणं जागच्या जागी पडून होती.

हे सगळं कशामुळे, ते घरात कोणी बोलत नसे. ज्या घरचं जांग बिघडतं ते घर बिघडतं, अशी सगळ्या गावाची समजूत, त्यामुळे बिघडणं हा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. त्या घटनेला घरात 'ते वर्ष' म्हणत. त्या वर्षी नव्या सुनेने, म्हणजे आईने, घातलेलं जांग वाया गेलं, आणि त्याच वर्षीच्या थंडीत आजोबा गेले. दोन गोष्टींची गाठ कोणी मोठ्याने मारली नाही. आजी फक्त जेवताना मिठाची वाटी पुढे सरकवून म्हणायची की इंचॉनला म्हणे दोन्हीकडून समुद्र आहे, पण तिथल्या मुलींना मीठ काही कळत नाही. गावात अजूनही आईला माहेरावरून इंचॉनवाली म्हणत.

प्योंनी घसा साफ केला आणि रांजणापुढे लावायची पाटी वाचून दाखवली. वाक्यं लांब होती. शेवटचं होतं, "दोनशे वर्षं एकदाही खंड न पडता."

"पडलाय," आजी म्हणाली. "एक वर्ष."

प्योंनी पेन उचललं. "कुठलं वर्ष, आजी?"

"डुकराचं. नुकतं गेलं ते नाही, त्याच्या मागचं."

"म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वी." बारा प्राण्यांची वर्षं मागे मोजून प्योंनी लिहून घेतलं. खरं तेच लिहिलेलं बरं, असं ते म्हणाले, खंड असला की पाटीला उलट वजन येतं. मग त्यांनी पेन तसंच धरून विचारलं, "कारण काय लिहू? लोक विचारतात हो."

आईने कप उचलला होता. तो तिने न पिताच खाली ठेवला.

बोरामच्या डोळ्यांपुढे पाटी उभी राहिली, काचेवर, दिव्याखाली. दरवर्षी वसंतात तिच्या शाळेतली पहिल्या वर्षाची मुलं इथे आणतात. ती पाटी वहीत उतरवून घेतात, कारण त्यावर परीक्षेला प्रश्न येतो.

आजी प्योंकडे बघत नव्हती. "आधी जागा दाखव," ती म्हणाली. "कारण मग सांगते."

दालनात उबदार होतं आणि तरी आजीने कोट काढला नाही. ती काठी टेकत प्रत्येक कपाटापुढे थांबायची आणि प्रत्येक ठिकाणी तिला काहीतरी खटकायचं. पेंढ्यात बांधून टांगलेल्या ढेपा तिला फार गुळगुळीत वाटल्या, दुकानातल्या साबणासारख्या. रांजणाच्या गळ्यात बांधलेली मिरच्यांची आणि कोळशाची दोरी तिने चष्मा वर करून पाहिली.

"ही उजवीकडे पिळलीय."

प्यो ओशाळले. दोरी बाजारातून आणली होती. नजर लागू नये म्हणून बांधायची दोरी डावीकडे पिळतात, हे त्यांना माहीत होतं, पण डावीकडे पिळणारा माणूस मिळाला नव्हता.

"मग गाय बांधा तिने," आजी म्हणाली.

बोरामला हसू आलं. तिने आईकडे पाहिलं, पण आई दोन पावलं मागे, तिन्ही पर्सा एकाच हातात धरून, जमिनीकडे बघत चालत होती.

रांजणाची जागा दालनाच्या शेवटी होती. एक काळा चौथरा, वर गोल दिवा, चारी बाजूंनी काच. आजीने चौथऱ्याची उंची डोळ्यांनी मापली.

"ऊन कुठून येतं?"

ऊन नाही, प्यो म्हणाले, पण तापमान बारा महिने एकच राहील, यंत्र आहे.

"झाकण कधी उघडायचं?"

"ते लाखबंद करू, आजी. कोणाचा हातच नको लागायला."

आजीने मान हलवली, पण ती होकाराची होती की नुसतीच, ते बोरामला कळेना. कारण सांगायची वेळ जवळ येत चालली होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजत होते. बोरामने तोंड उघडलं. एक मुद्दा तिने घरूनच तयार करून आणला होता, रांजण काय एकट्या आजीचा आहे का, असा. तिने श्वास घेतला आणि शब्द जुळवत नजर बाजूला वळवली, आणि तिथे एक काचेची पेटी होती.

पेटीत पाण्याचं भांडं होतं आणि त्यात एक अंडं तरंगत होतं. बराचसा भाग पाण्याखाली, वर फक्त टोकाचा छोटा गोल. जांगाचं पाणी पुरेसं खारं झालं की नाही ते असंच बघतात. भांड्याशेजारी मखमलीवर एक नाणं ठेवलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'अंडं एवढं वर आलं पाहिजे, दहा वॉन.'

नाणं पिवळं होतं आणि मोठं होतं.

बोराम वाकली. दहा वॉनचं नाणं तिला माहीत होतं. तांबूस, हलकं, करंगळीच्या टोकाएवढं, सोफ्याच्या फटीत सापडणारं. हे ते नव्हतं. पण वरचा मनोरा तोच होता आणि आकडाही तोच.

आईने 'त्या वर्षा'बद्दल आयुष्यात एकदाच काही सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी, किमचीचे कोबी खारवताना, हात मिठात असताना. लग्नाला दोन महिने झाले होते. आजीचं मनगट मोडलं होतं आणि ती इस्पितळात होती. तिने फोनवर सांगितलं, अंडं दहा वॉनएवढं वर येईल तोवर मीठ घालत राहा. आई लग्नाआधी बँकेत होती. निरोपाच्या वेळी मैत्रिणींनी तिला कोऱ्या करकरीत नाण्यांची पुडी दिली होती. तिने त्यातलं एक घेतलं आणि अंड्याला लावून पाहिलं. अगदी तेवढंच आलं होतं गं, आई म्हणाली होती, आणि पुढचा कोबी उचलला होता.

बोरामच्या कोपराला चिमटा बसला. आई कधी शेजारी आली कळलंच नव्हतं. ती समोरच्या अंड्याकडे बघत होती आणि तिची बोटं बोरामच्या कोपरावर होती. नको, असं ती बोटं म्हणत होती. आणखी जोरात, नको.

"सर," बोराम म्हणाली. वर्गात हात वर करून बोलायचा आवाज. "हे दहाचं नाणं खरं आहे का? एवढं मोठं?"

प्योंचा चेहरा फुलला. हा प्रश्न हवाच होता, ते म्हणाले. त्यांनी खिशातून एक आजचं नाणं काढलं आणि काचेवर, आतल्या नाण्याच्या बरोबर वर ठेवलं. भोवती पिवळी कड दिसत राहिली, काडेपेटीच्या काडीएवढी रुंद. जुन्या बायका दहा वॉनएवढं म्हणतात, आणि पोरी बिचाऱ्या पाकिटातून आजचं नाणं काढतात. मीठ कमी पडतं. थंडीत काही कळत नाही, ऊन तापलं की वर पांढरी साय धरते, मग वास, मग अळ्या. आमचे पहिल्या वर्षीचे तीनही रांजण असेच बिघडले, ते हसत म्हणाले. चांगली शिकलेली माणसं होतो आम्ही, तरी बिघडले. अशी कितीतरी घरांतली जांगं बिघडली असतील, त्याची मोजदादच नाही.

तो शब्द त्यांनी तीनदा उच्चारला. आजीची काठी फरशीवर प्रत्येक वेळी थोडी सरकली.

"नाणं बदललं कधी?" बोरामने विचारलं. कोपर आता दुखत होतं.

प्योंनी बोटांवर मोजलं. "डुकराच्या वर्षाच्या आधीचा डिसेंबर."

हे बोलताना त्यांना काही जाणवलं नाही. प्रवेशदाराशी शाळेच्या मुलांची एक झुंड आली होती आणि कोणीतरी त्यांना हाक मारत होतं. ते आजीची माफी मागून तिकडे गेले. काचेवरचं नाणं तसंच राहिलं.

बोराम आईकडे वळली. ह्या क्षणासाठी तिच्याकडे तयार चेहरा होता, वादविवादाचा निकाल लागल्यावरचा. तो तिला वापरता आला नाही. आईच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतंच. पकडलं गेल्यावर माणूस दिसतो, तशी ती दिसत होती.

आजीही नाण्याकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती.

"तुला माहीत होतं," आजी म्हणाली.

आईने पर्सा एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

"कधीपासून?"

"बोराम पहिलीत होती. तिला नाणी ओळखायला शिकवत होते. तुमच्या शिवणाच्या डब्यात जुनं एक सापडलं."

"त्याला दहा वर्षं झाली."

"हो."

"दहा वर्षं तू बोलली नाहीस."

 मुलांचा गलका जवळ येत होता आणि प्यो त्यांना ढेपांना हात लावू नका म्हणून सांगत होते.

"आपल्या घरात तो शब्द काढत नाहीत ना, आई," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत. मी आले त्याच आठवड्यात."

बोरामजवळ मुद्दे होते. चांगले सहा-सात होते, क्रमाने लावलेले. तिने ते मनातल्या मनात चाचपले आणि त्यातला एकही पुढे करावासा वाटेना. हे तिला पहिल्यांदाच होत होतं.

आजी भिंतीलगतच्या बाकावर बसली. बराच वेळ ती उजवा गुडघा चोळत राहिली. मुलं आली, अंड्यापुढे नाकं लावून उभी राहिली, एकाने काचेवरचं नाणं पळवायचा प्रयत्न केला आणि बोरामने त्याच्या हातावर फटका दिला. मुलं गेली.

"फोनवर तू विचारलं होतंस," आजी खाली बघत म्हणाली. "नाण्याएवढंच ना, असं."

"हो."

"मी काय म्हटलं?"

"तुम्ही म्हणालात, नाण्याएवढं म्हणजे नाण्याएवढं, त्यात काय विचारायचं."

आजीने गुडघा चोळायचं थांबवलं. मग काठीवर भार देऊन ती उठली. आईने सवयीने हात पुढे केला आणि सवयीने मागे घेतला. आजीने तिकडे पाहिलं नाही, ती कार्यालयाच्या दिशेने चालू लागली होती.

फोटो काढणारा येऊन बसला होता. प्योंनी कागद पुन्हा सरळ केला, पाटीचा मसुदा शेजारी ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. डुकराच्या वर्षापुढे त्यांनी रेघ मारून जागा सोडली होती.

"तेवढं कारण सांगता ना, आजी?"

आई खिडकीशी उभी होती, पाठमोरी. बोरामला तिचे खांदे दिसत होते.

"लिही," आजी म्हणाली. "त्या वर्षी माझं मनगट मोडलं होतं."

प्योंनी वाट पाहिली.  "एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी तसं लिहिलं आणि पेन आजीच्या हातात दिलं. फोटोवाला उभा राहिला. आजीने पेन सहीच्या जागेवर आणलं, आणि ते तिथेच, कागदापासून बोटभर वर थांबलं.

"बोरामच्या आई," ती म्हणाली. मान वर न करता. "यंदा घोड्याचा दिवस कधी आलाय?"

चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यातल्या घोड्याच्या दिवशी जांग घालतात. तो दिवस कुठला, हे आजीच्या खोलीतल्या पंचांगावर लाल पेनाने लिहिलेलं असे. त्या खोलीत कोणी पंचांग बघायला जात नसे आणि आईला तर गेल्या एकोणीस वर्षांत तो दिवस कोणी विचारलाही नव्हता.

"बुधवारी," आई म्हणाली. लगेच. खिडकीकडे तोंड ठेवूनच. "पंचवीसला. आणि तो चुकला तर मग एकदम नऊ मार्च."

 आजीने पेनाला टोपण लावलं.

"सोमवारी गाडी पाठवू नकोस," ती प्योंना म्हणाली.

प्यो अर्धवट उठले. आमचं काही चुकलं का, जागा आवडली नाही का, पाटी बदलून देतो, असं ते बरंच काही बोलले. फोटोवाल्याने कॅमेरा मांडीवर ठेवला. आजी कोटाची बटणं लावत होती. तुझं काही चुकलं नाही, ती म्हणाली, जागाही चांगली आहे, पण तिथे ऊन नाही.

"पण आजी, जांग घालणार कोण? तुमचे गुडघे तर..."

आजी दारापर्यंत पोचली होती. प्योंनी आईकडे पाहिलं. आईच्या हातात तिन्ही पर्सा होत्या आणि ती त्यांच्याकडे असं बघत होती की जणू आपल्या हातात काय आहे ते तिला आठवत नाहीये.

बाहेर वारा सुटला होता. तिघी गाडीपर्यंत चालत आल्या. आईने किल्ली काढली, पण दार उघडलं नाही.

"अंडं त्याच दिवशीचं घे," आजी गाडीच्या टपाकडे बघत म्हणाली. आवाज नेहमीचाच, खरखरीत. "शिळं अंडं कमी मिठातही वर येतं."

"हो."

"आणि आदल्या संध्याकाळी मीठ विरघळवून ठेव. गाळ खाली बसू दे. ढवळत बसू नकोस."

"हो." आईने किल्ली मुठीत धरली. "आणि वर किती येऊ द्यायचं, आई?"

आजीने तोंड उघडलं. काय म्हणणार ते बोरामला तिच्या ओठांवर दिसलं, तो आकडा, आणि तो तिथेच थांबलेलाही दिसला. आजीने तोंड मिटलं. मग तिने काठी बगलेत धरली, हात वर केला, आणि अंगठा व तर्जनी जुळवून एक गोल केला.

आई वाकली. तिने तो गोल नीट पाहून घेतला, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. पर्सा गाडीच्या टपावर ठेवल्या आणि आपल्या बोटांचा तसाच गोल करून आजीच्या बोटांशेजारी धरला. दोघींचे हात वाऱ्यात लाल झाले होते.

"थोडं मोठं," आजी म्हणाली.

आईने बोट केसभर सरकवलं.